डेल्फिनचा चेहरा

डोंबिवली पूर्व,
१४ जानेवारी २०२४

प्रिय डेल्फिन,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? मी मृणाल. वागळे इस्टेटच्या आपल्या कंपनीत, स्विच जोडायच्या टेबलावर तुझ्या शेजारी बसायची आणि तुझ्या डब्यातलं सुकं मटण पळवायची, तीच.

तुझा पत्ता कसा मिळाला सांगते. मी आता इथे एका डॉक्टर मॅडमकडे कामाला आहे. डायबिटीस, थायरॉइड, हार्मोन, असले पेशंट. आत जाण्याआधी त्यांचं वजन, बीपी आणि बोटाची साखर मी घेते. परवा एक पेशंट आला, पत्ता बाळकुम. मी सहज विचारलं, डेल्फिनला ओळखता का? तर तो निघाला रॉड्नी, तुझा मावसभाऊ. त्याची साखर राहिली बाजूला, मी अर्धा तास तुझीच चौकशी करत बसले.

त्याने नंबर दिला. मी फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज केला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. व्हिडिओ कॉल केला तर तू कापलास. मग म्हटलं, बाईसाहेबांना पत्रच पाठवू. पत्र कसं कापशील?

कंपनी बंद झाली त्या दिवशी गेटवर आपण काय म्हणालो होतो? दर महिन्याला भेटायचं. त्याला अकरा वर्षं होतील आता. माझा जगन जाऊन तीन वर्षं झाली, तुला कळलंही नसेल. लेक सिद्धेश नोकरीला पुण्यात. घरी आले की टीव्ही लावते, कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. तेव्हा तुझी फार आठवण येते गं. येऊ का भेटायला?

तुझी,
मृणाल


बाळकुम, ठाणे,
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मृणाल,

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि मी स्वयंपाक तसाच टाकून वाचत बसले. जगनचं वाचून जिवाला लागलं. तुमच्या लग्नात मी केवढी नाचले होते. मी यायला हवं होतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला त्याच्यासाठी प्रार्थना केली.

आमचं बरं आहे. माझा नवरोबा गॅविन अजून बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, दम लागला तरी सोडत नाही. लेक बियांका बँकेत आहे. आमच्या घरासमोर शेत होतं ना, तिथे आता एवढ्या उंच बिल्डिंगा झाल्यात की दुपारी चारलाच अंगणात सावली येते.

फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. मी हल्ली कुणाचाच उचलत नाही. आवाज जरा बसलाय, समोरचा भलतंच समजतो. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे, चर्चमध्ये कॅम्प होता तिथे मलाही साखर निघाली. गोळ्या चालू आहेत. पण ती काही उतरत नाही. डोकं सारखं दुखतं, घाम येतो. वय झालं, दुसरं काय.

भेटायचं मात्र आत्ता नको. घरात रंगकाम काढलंय. तू लिहीत राहा. तुझं पत्र आलं की बरं वाटतं.

तुझी,
डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय डेल्फिन,

गोळ्या घेऊनही साखर उतरत नाही? मग काय खातेस ते खरं सांग. मी रोज अशी माणसं बघते. मॅडमसमोर शपथेवर सांगतात, साखरेला हात लावत नाही, आणि बाहेर येऊन माझ्याकडे पार्ल्याचा पुडा मागतात. तू तर नाताळात तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा मांडीवर घेऊन बसणारी. केक, वाइन, रविवारचं पोर्क, सगळं बंद कर. सकाळी चाल. तोंडावर ताबा ठेव. आपण काही विशीतल्या राहिलो नाही.

रंगकाम संपलं की कळव. मी येऊन तुझं स्वयंपाकघर तपासणार आहे.

तुझी,
मृणाल


बाळकुम,
६ मे २०२४

प्रिय मृणाल,

तीन महिने लिहिलं नाही, कारण राग आला होता. मी खरंच काही खात नाही गं. नाताळात केक केला आणि सगळा शेजारी वाटला. तरी तू मला चोर ठरवलंस. पण राग धरून किती दिवस बसणार? लिहायला तुझ्याशिवाय आहे कोण?

एक गंमत सांगते, हस. गेल्या आठवड्यात गॅविनच्या पुतणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी चुडा भरायला कासारीण आली, गंगुबाई. तिनेच माझ्या लग्नात मला दोन-दोनच्या, अगदी लहान मापाच्या बांगड्या भरल्या होत्या. नवरीच्या मागोमाग आम्ही बायका बसलो. माझी पाळी आली. दोन-चार जाईना, दोन-आठ जाईना. साबण लावला, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बघितली. शेवटी दोन-दहाची फुटली आणि मला लागलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. गंगुबाई तेवढी हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "काय गो, ह्यो हात मी भरलेला न्हाय."

म्हातारी झाली, विसरली असेल. पण मृणाल, माझं वजन फारसं वाढलेलं नाही. मग हात एवढे कशाने वाढले?

तुझी,
डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
१२ मे २०२४

प्रिय डेल्फिन,

मी हसले नाही. आधी माझे कान धर. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला पुडे खाणाऱ्यांच्या रांगेत बसवलं.

तुझे हात मला पाठ आहेत. स्विचमधला सगळ्यात बारीक स्क्रू सुपरवायझर तुझ्याकडेच द्यायचा, कारण आमची बोटं तिथे पोचायची नाहीत. वजन न वाढता ती बोटं जाड कशी होतील? मी मॅडमना विचारलं. नाव सांगितलं नाही, एक बाई आहेत एवढंच म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उलट मलाच विचारलं. तेच तुला विचारते, खरं लिही.

चपलेचं माप वाढलंय का? लग्नातली अंगठी बोटात जाते का? दातांत फटी पडल्यात का? आणि चालताना बाजूने येणारं माणूस तुला दिसतं का?

थट्टा करू नकोस. लवकर लिही.

मृणाल


बाळकुम,
२० मे २०२४

प्रिय मृणाल,

तुझं पत्र वाचून मी दार लावून घेतलं. माझ्या घरात राहून बघितल्यासारखं विचारलंस.

चप्पल मी गॅविनची घालते, चार वर्षं झाली. अंगठी सोनाराकडून कापून घेतली, ती कपाटात आहे. खालच्या दातांत फटी पडल्यात, जबडा पुढे आलाय. नाक पसरलंय. जीभ तोंडात मावत नाही असं वाटतं. आवाज इतका जाड झालाय की फोनवर सिलिंडरवाला मला "हां भाईसाब" म्हणतो. म्हणून मी तुझा फोन उचलला नाही. रंगकाम वगैरे काही नव्हतं. तू दारात उभी राहून माझ्याकडे बघशील, त्याची मला भीती वाटत होती.

आणि हो, बाजूचं दिसत नाही. खोपटच्या एसटी डेपोत परवा बाजूने येणाऱ्या बाईवर आदळले. मला वाटलं चष्मा बदलायला झालाय.

गॅविनला मी किती वेळा विचारलं, मी बदलले का रे? तो म्हणतो, "काय बदललीस गो? तू तं पयल्यापासना अशीच हायेस." खोटं बोलत नाही तो. रोज बघतो ना, त्याला दिसतच नाही. बियांकालाही नाही. मीच एकटी आरशासमोर उभी राहायची आणि वाटायचं, मी आतून वाईट झाले असेन, ते आता तोंडावर येतंय. भिंतीवरचे माझे जुने फोटो मी काढून टाकलेत.

आता तुला सगळं माहीत झालं. तरी येऊ नकोस. नोव्हेंबरात बियांकाचं लग्न ठरलंय. ते होऊ दे, मग बघू डॉक्टरचं.

डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
२४ मे २०२४

प्रिय डेल्फिन,

नोव्हेंबर नाही. ह्याच आठवड्यात.

मॅडम म्हणाल्या, बाजूचं दिसेनासं झालं असेल तर थांबायचं नाही. डोक्यात डोळ्यांच्या नसांजवळ एक छोटीशी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली तर ती वाढीचं हार्मोन जास्त सोडते. लहानपणी झालं तर माणूस ताडासारखा उंच होतो, मोठेपणी झालं तर हात, पाय, जबडा वाढतो. साखरही त्यानेच चढते, म्हणून गोळ्या नीट चालत नाहीत. तुझंही तसंच असेल का, ते तपासल्यावरच कळेल. पण गाठ असली आणि ती नस दाबत राहिली, तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. बियांकाचं लग्न तुला बघायचंय ना? मग ये.

मी बघेन म्हणून तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तर ऐक. येत्या मंगळवारी अकराला तुझं नाव लिहिलंय. त्या दिवशी मी रजा घेतली आहे. वजन घ्यायला दुसरी मुलगी असेल. मी कल्याणला नणंदेकडे जाऊन बसेन, डोंबिवलीतसुद्धा नसेन. अकरा वर्षांनी तू माझ्या गावात येणार आणि मी तिथे नसणार, ह्याचं मला काय होतंय ते लिहीत बसत नाही.

मॅडमना जुना फोटो लागेल. तू तुझे काढून टाकलेस, पण माझ्याकडे कंपनीच्या पिकनिकचा आहे. पिवळ्या ड्रेसमध्ये तू, हातात कणीस, तोंड उघडं. तो पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवते.

मृणाल


बाळकुम,
२३ जून २०२४

प्रिय मृणाल,

तू खरंच नव्हतीस. मी जिन्यात उभी राहून आधी गॅविनला वर पाठवलं होतं, बघून ये म्हणून.

मॅडमनी आधी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. जीभ बघितली. मग माझ्यासमोर बसून म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघा, आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवायला लागल्या. मला ती दिसेचनात. मग त्यांनी तुझं पाकीट उघडलं. फोटो माझ्या गालाशी धरला, एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. गॅविन बाजूला उभा होता. त्याने तो फोटो बघितला आणि खुर्चीत बसला. म्हणाला, "अरे देवा, ही तं माझी डेल्फिन." आणि रडायला लागला. मला तेव्हा कळेना, मी त्याला धरू की स्वतःला.

मग रक्ताची तपासणी, वाढीचं हार्मोन जास्त आहे का ते कळतं, आयजीएफ-वन म्हणतात ती. ती खूप वर आली. नंतर एकदा उपाशीपोटी बोलावून ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहिले. साखर पोटात गेली की ते वाढीचं हार्मोन खाली यायला हवं, माझं हललंच नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसली. कॅन्सर नाही. नाकातून दुर्बीण घालून काढतात. मॅडम म्हणाल्या, कमीत कमी आठ-दहा वर्षांपासूनचं असणार, हळूहळू होतं म्हणून घरच्यांना कळत नाही.

मृणाल, ह्याला नाव आहे. आजार आहे हा. मी वाईट झाले नव्हते. परत येताना रिक्षात मी हेच सारखं म्हणत होते, रिक्षावाला वळून बघत होता.

तुझी,
डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
२८ जून २०२४

प्रिय डेल्फिन,

रडले, मग शेजारच्या बाईला बोलावून चहा केला, मग परत रडले. ऑपरेशनला कुठे, कधी, सगळं गॅविनकडून कळवत राहा. येऊ का, असं विचारणार नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन.

फोटो मात्र मॅडमकडून मी परत घेतला.

मृणाल


बाळकुम,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मृणाल,

घरी आले. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन नीट झालं. नाकाला अजून कसलाच वास येत नाही, गॅविनने बोंबील जाळले तरी कळलं नाही. पण डोकं दुखायचं थांबलं. घाम कमी झाला. साखरेची एक गोळी बंद केली. आणि बाजूचं दिसतं. काल न वळता मला दारातून बियांका आत येताना दिसली. मी तिला पुन्हा बाहेर जाऊन ये म्हटलं.

चेहऱ्याची सूज उतरते आहे. मॅडम खूश आहेत.

बियांकाचं लग्न तेवीस नोव्हेंबरला, संध्याकाळी, आमच्याच चर्चमध्ये. तू यायचंस. आता मीच बोलावतेय.

तुझी,
डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
२४ नोव्हेंबर २०२४

डेल्फिन,

हे पत्र मी रागात लिहितेय आणि रागातच टाकणार आहे.

तीन महिने मी दिवस मोजले. नवीन साडी घेतली. शीळफाट्याला बस अशी अडकली की मिस्सा चुकली, पोचले तोवर मांडवात जेवणं सुरू झाली होती. दारात एक बाई वाऱ्याला उभ्या होत्या, गॅविनच्या थोरल्या बहीण असाव्यात. त्यांना विचारलं, डेल्फिन कुठे आहे? त्या म्हणाल्या, आत बघा. आत बघितलं. स्टेजवर नाहीस, जेवणाच्या रांगेत नाहीस. गॅविन म्हणाला, आत्ता इथेच होती. बियांकाला अहेर दिला, पोरगी थेट तुझ्यासारखी दिसते, तिचा हात सोडवेना. शेवटची बस जाईल म्हणून निघाले.

मुलीच्या लग्नात आई लपून बसते? तेही माझ्यापासून? सूज उतरली म्हणालीस ना? मग आणखी कशाला लाजलीस? मी तुझ्यासाठी माझ्याच गावातून निघून गेले होते, डेल्फिन. आणखी मी काय करायचं?

मृणाल


बाळकुम,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मृणाल,

मी लपले नव्हते. दारातल्या त्या बाई मीच होते.

तुला रिक्षातून उतरताना बघितलं आणि मी पुढे आले. तू अगदी तशीच आहेस, केस तेवढे पिकलेत. मी हात पुढे करणार, तेवढ्यात तू माझ्याकडे बघून हसलीस. परक्या माणसाकडे बघून आपण हसतो, तसं. आणि विचारलंस, ताई, डेल्फिन कुठे आहे? पुढे तू आणखी एक बोललीस, ते पत्रात लिहिलं नाहीस. म्हणालीस, माझी जिवाची मैत्रीण आहे, हजारात ओळखेन मी तिला.

मी तुला आत बघा म्हटलं आणि मागच्या बाजूला केटररची पोरं भांडी घासत होती तिथे जाऊन बसले. तू गेल्यावर बाहेर आले.

तुझी चूक नाही. मीच अर्धं लिहिलं होतं. सूज उतरली, जीभ लहान झाली, पण वाढलेलं हाड मागे जात नाही. जबडा, कपाळ, नाक हे असंच राहणार. ते लिहायला हात होईना. तू त्या पिवळ्या ड्रेसवालीची वाट बघत होतीस.

मी पण तिचीच वाट बघत होते गं. ऑपरेशननंतर रोज सकाळी आरशाकडे जायची, आज येईल, उद्या येईल. ती येणार नाही. मला तिची इतकी आठवण येते मृणाल, आणि घरात कुणाला सांगू? गॅविन म्हणतो, जीव वाचला, डोळे वाचले, आता कशाला रडतेस. त्याचंही खरं आहे. पण तिला ओळखणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तुलाही ती लागत असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही. फक्त लिहिणं थांबवू नकोस.

डेल्फिन


डोंबिवली पूर्व,
५ डिसेंबर २०२४

प्रिय डेल्फिन,

दोन दिवस मी कामाला गेले नाही. तुला ताई म्हणाले, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

हाडं मागे जात नाहीत, हे मॅडमनी मला जूनमध्येच सांगितलं होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि मनात घेतलं नाही. इतक्या पेशंटांचे चेहरे रोज बघते, पण तुझ्या नावापुढे मी तो एकच चेहरा लावून ठेवला होता. खरं सांगते, मला ती हवी होती. अजूनही हवी आहे. तिच्यासाठी मी पोटभर रडले, जगन गेला तेव्हा रडले होते तशी. तू म्हणालीस म्हणून लिहिलं, नाहीतर लपवलं असतं.

पण मग विचार करत बसले. ऑगस्टमध्ये बियांकाला दारातून परत बाहेर पाठवणारी कोण? बोंबलाचं सांगून मला हसवणारी कोण? वर्षभर पोस्टमनची वाट मी कुणासाठी बघत होते? ती पिवळ्या ड्रेसवाली तर मला एक पत्रसुद्धा लिहीत नव्हती.

रविवारी येते. दार तू उघड, गॅविनला पाठवू नकोस. मी कदाचित गप्प उभी राहीन, कदाचित रडेन, ते तुझ्याकडे बघून नव्हे, तिच्यासाठी असेल, एवढं समजून घे. आणि मग मला तुझ्याकडे नीट बघू दे. जुना चेहरा पाठ व्हायला नऊ वर्षं एका टेबलावर बसावं लागलं होतं, नवा एका दुपारीत होणार नाही. मॅडमकडून आठवडाभराची रजा घेतली आहे. कपडे घेऊनच येते.

तुझी,
मृणाल